लंगड्या पानांचा स्वेटर

"दोन सुलट, दोन उलट, धागा घे गं पुढे,
हात इथे धाकटीचे, लक्ष कुणीकडे?"

हा आवाज माझ्या थोरल्या जावेचा, सव्वीस वर्षांपूर्वीचा. मी नुकती लग्न होऊन आले होते. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभ्याउभ्या विणायची. एक डोळा दुधाच्या पातेल्यावर, दुसरा माझ्या सुयांवर. नमुना लिहून ठेवणं तिला ठाऊकच नव्हतं. सगळं डोक्यात, आणि डोक्यातून ओठांवर यायचं ते यमक जुळवून. मी मात्र घाबरट. आज शिकलेलं उद्या विसरेन म्हणून निळ्या पुठ्ठ्याच्या एका वहीत मी ओळ न् ओळ उतरवून घ्यायचे. नमुने तिचे, अक्षर माझं.

आता तोच आवाज मला ऐकू येतो तो असा: "तिला सांगा, खुर्ची जरा सरकव म्हणावं."

आणि ग्रंथपाल मला सांगतात, "त्या म्हणतायत, खुर्ची जरा सरकवा."

दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमचा विणकामाचा गट बसतो. अकरा बायका आणि एक निवृत्त बसचालक, ज्यांच्या हातचे मोजे आम्हा सगळ्यांपेक्षा सरस असतात. मी आणि जाऊबाई दोघीही या गटात. खोली एक, टेबल एक, चहाची किटली एक, आणि नऊ वर्षं एकमेकींशी अवाक्षर नाही. मी खिडकीपाशी, ती कपाटापाशी. मधे ग्रंथपाल, बिचाऱ्या, टपालखात्यासारख्या. गट सोडायला दोघींपैकी एकही तयार नाही. मी का सोडू? ती का सोडेल?

या थंडीत ग्रंथपालांच्या डोक्यात अदलाबदलीचं खूळ शिरलं. प्रत्येकीने चिठ्ठीवर आपलं माप, आवडीचा रंग आणि काय हवं ते लिहायचं. चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात. जिला जी चिठ्ठी येईल तिच्यासाठी सहा आठवड्यांत विणायचं आणि नाव न घालता टपालाने पाठवायचं. ठरलेल्या शनिवारी सगळ्यांनी मिळालेली भेट अंगावर घालून यायचं, मग देणाऱ्याने उभं राहून सांगायचं, "माझी." नियम त्यांनी छापून कपाटाला चिकटवले. शेवटचा नियम ठळक अक्षरांत होता: भेटीला नावं ठेवायची नाहीत.

मी चिठ्ठीवर लिहिलं: छाती अडतीस. स्वेटर. रंग काहीही.

काहीही! माझी मीच वैरीण. मी चष्म्याच्या दुकानात मागे बसून काचा घासते. अर्धा मिलिमीटर इकडचं तिकडे झालं तर गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं. दिवसभर मापात जगणारी बाई कागदावर 'काहीही' लिहिते, तिला काय म्हणावं?

गुरुवारी पार्सल आलं. मी सही करत असताना दारातून पोस्टमन म्हणाला, "गादी मागवलीत का?"

आत घेऊन उघडलं. पोपटी. नुसता पोपटी नाही, कानात ओरडणारा पोपटी. मी घडी उलगडत गेले आणि ती उलगडतच गेली. बाह्या टेबलावरून खाली लोंबल्या. गळ्यातून माझं डोकं गेलं, खांदे गेले, आणखी एखादं कुणी सोबत असतं तर तेही गेलं असतं. आरशात बघितलं तर हिरव्या डोंगराला डोकं फुटलेलं.

हे सोफ्यावरून बघत होते. पेपर खाली न ठेवता म्हणाले, "छान आहे की."

"काय छान आहे?"

"वाढत्या अंगाचा घेतलाय."

"अहो, पन्नाशीला आले मी! आता कुठे वाढणारेय?"

"मग असं कर, मलाही आत घे. दोघं मिळून बाहेर पडू, तिकीट एकच लागेल."

हसू नाही आलं मला. मोजपट्टी काढली. छाती बासष्ट. अडतीसची बासष्ट! टाके एवढे मोठे की करंगळी आरपार जावी, आणि लोकर तीन पदरी घेतलेली, त्यामुळे वजन दोन किलो तरी असेल. हे कसं झालं ते माझ्या लगेच लक्षात आलं. जुन्या नमुन्यांत सुईचे नंबर उलटे चालतात. नंबर जितका मोठा, सुई तितकी बारीक. दहा नंबर म्हणजे काडीसारखी. आता दुकानात सुया मिलिमीटरवर मिळतात, तिथे दहा म्हणजे लाटणं. जुना नमुना समोर ठेवून कुणीतरी लाटण्यांनी विणत बसलं होतं. चार ओळी विणून माप घेतलं असतं तरी कळलं असतं. पण नाही! चार बोटं लोकर वाचवायची आणि डोंगर विणायचा.

"सहा आठवडे," मी म्हणाले, "सहा आठवडे मी त्या चालकदादांसाठी जीव ओतून टोपी विणली. दोनदा उसवली. आणि माझ्या नशिबी हे!"

"उसव आणि नवा वीण."

"शनिवारी घालून जायचंय. नियम!"

"मग घाल. हिरवळीवर बसल्यासारखं वाटेल लोकांना."

वैतागून मी तो उशीवर फेकला. फेकताना खालचा काठ वर आला, आणि मी बघतच राहिले.

काठाला पानांची वेल होती. मी ती वेल झोपेतही ओळखली असती. जाऊबाईंची वेल. पण यातलं प्रत्येक पान लंगडं होतं. उजवीकडे भोकांची नाजूक कडा, डावीकडे काहीच नाही, पान एका अंगाने मिटलेलं. एक, दोन, तीन, सगळी तशीच. म्हणजे विणणाऱ्याची चूक नव्हती, लिहिणाऱ्याची होती. सातव्या ओळीत दुसऱ्या 'दोन एकत्र'च्या आधी 'धागा पुढे' हवं. ते लिहायचं राहिलेलं. ही चूक जगात एकाच ठिकाणी होती, माझ्या निळ्या वहीत. मला ती ठाऊक होती, विणताना मी मनाने धागा पुढे घ्यायचे आणि वहीत दुरुस्त करायचा आळस करायचे.

आणि ती वही नऊ वर्षांपूर्वी हरवली होती.

हरवली म्हणजे कशी, ते सांगते. लाज वाटते, पण सांगते.

त्या वर्षी प्रदर्शनात जाऊबाईंच्या शालीला पहिलं बक्षीस मिळालं. काठाला हीच वेल. त्याच्या आदल्या महिन्यापासून माझी वही सापडत नव्हती, आणि तिने ती दोनदा मागितलेली होती. मी सगळ्या घरासमोर, दोघे भाऊ, पोरंबाळं, सासूबाई, सगळ्यांसमोर म्हणाले, "न विचारता वही उचलली की बक्षिसं मिळतात." ती एवढंच म्हणाली, "माझ्या डोक्यातलं मी तुझ्या वहीतून चोरू?" शाल खांद्यावरून काढून घडी केली. त्या शालीवरची पानं धडधाकट होती, दोन्ही अंगांनी उमललेली. वहीतून उतरवली असती तर लंगडली असती. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. राग आंधळा असतो, आणि माझा तर चष्म्यावाचूनचा.

आठ महिन्यांनी माझी दाढ दुखायला लागली. दातांच्या दवाखान्यात गेले, आणि तिथली भिंतीकडची खुर्ची दिसल्याबरोबर सगळं डोळ्यांसमोर आलं. पोरीला दाढ काढायला आणलं होतं तेव्हा मी याच खुर्चीवर वही उघडून बसले होते. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला, तशी धावले. वही तिथेच.

समोर काचेची खिडकी होती. मागे एक बाई रजिस्टरमध्ये नावं लिहीत होती. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. तिने वर बघून विचारलं, "काय हवंय?"

मी म्हणाले, "पाणी."

बस्स. विचारलंच नाही. वही परत मिळाली असती तर पुढचं सगळं करावं लागलं असतं. दाढ काढून गालात कापूस घालून घरी आले. कुणाला बोलले नाही, यांनाही नाही. उद्या सांगू, म्हणता म्हणता नऊ वर्षं झाली. आता सांगायचं तर वहीचं नाही, त्या नऊ वर्षांचंच सांगावं लागणार.

आणि आता हा पोपटी डोंगर!

गटात ही वही कुणाकडे असणार, ते ओळखायला अक्कल लागत नव्हती. तीन महिन्यांपूर्वी एक नव्या काकू आल्या होत्या. कुणी दातांनी लोकर तोडली की त्या कळवळायच्या, "अगं, कात्री घे! दात पुन्हा नाही यायचे!" म्हणून नाव पडलं दातांच्या काकू. कुठल्याशा दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. कुठल्या, ते मी कधी विचारलं नव्हतं. न विचारण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

शनिवारी सकाळी मी यांना म्हणाले, "मला कणकण वाटतेय. जात नाही."

यांनी माझ्या कपाळाला हात लावला. "गार आहे."

"आतून आहे."

"अगं, विणणाऱ्या माणसाने एवढं जीव लावून केलंय. वाट बघत असेल बिचारं. जा, मी सोडतो."

या माणसाला सोडायची हौस नको तेव्हा येते. मी गेले. स्वेटरवरून शाल गुंडाळली, काठ आत दुमडून सेफ्टी पिना लावल्या. वाचनालयाच्या पायऱ्या चढताना पोटाशी एवढा ऐवज झाला होता की दारातल्या पहारेकऱ्याने अदबीने बाजूला होऊन विचारलं, "लिफ्ट चालू करू का, मॅडम?"

खोलीत नुसता गलबला. चालकदादा माझी टोपी घालून वऱ्हाडातल्या मुलासारखे लाजत होते. गणिताच्या बाईंना दोन वेगळ्या लांबीचे हातमोजे आले होते आणि त्या शिकवल्यासारखं सांगत होत्या, "सरासरी काढली तर बरोबर आहेत." जाऊबाई कपाटापाशी. तिला राखाडी मफलर आला होता आणि तो तिला शोभत होता. तिला काय शोभत नाही!

"शाल काढा," ग्रंथपाल म्हणाल्या.

"थंडी वाजतेय."

"स्वेटर घातलाय ना? मग कशी वाजेल? नियम म्हणजे नियम."

त्यांनी स्वतःच ओढली. शालीबरोबर दोन पिना सुटल्या, काठ धपकन खाली आला, आणि खोली अशी गप्प झाली, जशी शेवटचा नियम पाळायचा म्हणून दात आवळून बसली असावी. फक्त चालकदादांना ठसका लागला.

"ऐसपैस आहे," गणिताच्या बाई हळूच म्हणाल्या.

"मोकळा आहे," कुणीतरी जोड दिली.

मी बघत होते ते कपाटाकडे. जाऊबाईंनी चष्मा नाकावर चढवला. उठल्या. आल्या. नऊ वर्षांत माझ्या हाताच्या अंतरावर आल्या नव्हत्या, त्या समोर गुडघ्यावर बसल्या आणि माझ्या स्वेटरचा काठ हातात घेतला. एका पानावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"हिला विचारा," त्या ग्रंथपालांना म्हणाल्या, माझ्याकडे न बघता, "हे कुणी विणलं म्हणावं."

"माझा!" दातांच्या काकू एवढ्या उत्साहाने उठल्या की लोकरीचा गुंडा मांडीवरून उडाला. "माझा आहे! मोठा झालाय ना थोडा? माझं सगळंच मोठं होतं. मागे टोप्या विणल्या, त्या माठावर बसतील अशा झाल्या. म्हटलं, जुन्या माणसांची डोकी मोठी असतील. आणि दर वेलीला एक टाका कमी पडायचा हो! मी आपला शेवटी एक वाढवायचे. असेल काही रीत, म्हटलं."

मग त्यांनी पिशवीत हात घातला. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. दुभंगायला काय होतं तिला? पण ऐन वेळी जमीनही सोयीस्करपणे घट्ट राहते.

निळी वही.

पुठ्ठा पार विटला होता, कोपरे चिकटपट्टीने बांधलेले. "आमच्या दवाखान्यात कुणी तरी खुर्चीवर विसरून गेलं होतं," काकू सांगत होत्या. "नाव नाही, गाव नाही. मी खणात ठेवली. रोज वाटायचं, आज कुणी येईल विचारायला. ज्याने एवढं सुरेख लिहिलंय त्याला चुकल्याचुकल्यासारखं होत असेल ना! पण कुणी आलंच नाही. मग निवृत्त झाले, तेव्हा घरी आणली. घर रिकामं, हात रिकामे. हिच्यावरून शिकले मी. एकटीने. आणि डब्यातली चिठ्ठी उघडली तर काय! छाती अडतीस. तेच अक्षर! तोच वळसा, तोच 'छ'. मी ते अक्षर रात्रंदिवस वाचलंय हो. म्हटलं, या बाईला तिच्याच वहीतलं काहीतरी विणून द्यायचं, आणि मग वही."

त्यांनी वही माझ्या हातात ठेवली. डोळे भरलेले. ज्या बाईवर मी दोन दिवस मनातल्या मनात जळफळत होते, तिने मला आयुष्यात मिळालेली सगळ्यात खरी भेट दिली होती, आणि ती घ्यायला माझे हात पुढे होत नव्हते.

"म्हणजे वही हरवली होती होय!" गणिताच्या बाई टाळी वाजवून म्हणाल्या. आमचं भांडण गटात सगळ्यांना पाठ होतं. "बघा, गैरसमज होता नुसता. ना हिचा दोष, ना तिचा."

"नऊ वर्षं मी निरोप पोचवतेय," ग्रंथपाल म्हणाल्या. "आता तरी मला सुट्टी द्या."

सगळे हसले. चालकदादांनी चहा ओतायला घेतला. कुणी म्हणालं, दोघी जवळ बसा. काकू तर मला धरून वहीतली पानं दाखवत होत्या, कुठल्या पानावर कुठे अडल्या ते. मी 'हो हो' म्हणत होते. मला फक्त एवढंच करायचं होतं, चकित व्हायचं. "अगंबाई, तिथे राहिली होती होय!" एवढं एक वाक्य. सगळी खोली ते माझ्या तोंडात घालायला टपलेली. मी म्हटलं नाही. नाकारलंही नाही. नुसती उभी राहिले, दोन किलो लोकर अंगावर घेऊन.

घामाने जीव नकोसा झाला, तशी बाहेर बोळकांडीत आले. तिथे कोट अडकवायच्या खुंट्या आणि परत आलेल्या पुस्तकांची ढकलगाडी. स्वेटर डोक्यावरून काढायला गेले तर गळ्याचं बटण केसांत अडकलं. आत अंधार, पोपटी अंधार, आणि मी बैलासारखी डोकं हिसडतेय.

"हलू नकोस. तुटेल."

दोन हात आले. बटण सोडवलं. स्वेटर वर गेला, आणि समोर जाऊबाई. माझ्याशी बोलल्या होत्या. मधे कुणी नव्हतं.

"केस केवढे पांढरे झाले गं, धाकटे," त्या म्हणाल्या.

मी स्वेटरची घडी घालू लागले. ती मावेना. त्यांनी दुसरं टोक धरलं, चादरीसारखी दोघींनी मिळून घातली.

"चिडले होते मी," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? सगळ्यांच्या देखत बोललीस. बक्षिसाची ती शाल मी त्यानंतर अंगाला लावली नाही. पण मनात एक धरून होते. ही तोंडाची फटकळ आहे, काळजाची खोटी नाही. वही कुठे राहिली ते हिला ठाऊक असतं, तर त्या दिवशी धावत आली असती माझ्याकडे, पायांत चपला न घालता. तेवढ्यावर काढली मी एवढी वर्षं. नाहीतर गटात तुझ्या तोंडासमोर येऊन बसले असते का दर शनिवारी?"

आतून कपांचा आवाज येत होता. कुणीतरी काकूंना सुयांचे उलटे नंबर समजावत होतं आणि काकू किंचाळल्या, "म्हणजे माठाच्या टोप्या!"

जाऊबाई हसल्या. त्यांचा पुढचा एक दात गेला होता, कधी, ते मला माहीत नव्हतं.

"उद्या घरी ये," त्या म्हणाल्या. "हे उसवू. दोन स्वेटर निघतील यात, एक तुला, एक त्या काकूंना. त्यांनाही बोलाव. सातवी ओळ शिकवू त्यांना नीट. झालं गेलं संपलं. तुला माहीतच नव्हतं, त्याला तू तरी काय करणार?"

असं म्हणून त्यांनी माझी शाल माझ्या खांद्यावर घातली, पिन लावली, आणि आत जायला वळल्या. दार ढकललं. आतला उजेड त्यांच्या अंगावर आला. आत गेल्या असत्या, तर संपलं असतं. उद्या मी गेले असते, समोरासमोर बसून लोकर गुंडाळली असती, आणि दर गुंडाळीला त्या म्हणाल्या असत्या, तुला माहीत नव्हतं.

"वहिनी, थांबा."

त्या दारातच वळल्या. हसू अजून तोंडावर होतं.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "त्याच वर्षी आठवलं. तुमच्या बक्षिसानंतर आठ महिन्यांनी. माझी दाढ काढायला गेले होते, त्या काकूंच्या खिडकीसमोर उभी होते. त्यांनी विचारलं, काय हवंय? नुसतं वही म्हटलं असतं तर त्यांनी खण उघडून दिली असती. मी पाणी मागितलं, वहिनी. वही मिळाली असती, तर तुमची माफी मागावी लागली असती, म्हणून."